भरलेला पितळी लोटा

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून टाकते. मी दारू पीत नाही. कधी चाखलीसुद्धा नाही. तरीही गेल्या काही वर्षांत हे वाक्य मला इतक्या लोकांना ऐकवावं लागलंय, की खऱ्या पिणाऱ्यालाही लागत नसेल. ऑटोवाल्याला, बँकेच्या दारावरच्या गार्डला, लग्नाच्या पंगतीत वाढणाऱ्याला, आणि चक्क एका डॉक्टरलाही.

माझं नाव सुनंदा. माहेर भंडाऱ्याचं, पितळेच्या भांड्यांचं गाव. सासर रायपूरचं. राहतो बुढापारा या मोहल्ल्यात आणि गोल बाजारात आमचं भांड्यांचं दुकान आहे. लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांनी पहिल्याच हंगामात माझ्या हातात नावं टाकायची मशीन दिली. इकडे छत्तीसगढी लग्नात टिकावन असतं, म्हणजे आहेर. त्यात थाळी, लोटा, कोपरा म्हणजे मोठी परात, अशी भांडी देतात आणि प्रत्येकावर देणाऱ्याचं नाव कोरलेलं असावं लागतं. गावोगावचे लोक लग्नसराईत आमच्याकडे येतात, भांडी निवडतात आणि मग गादीपाशी येऊन मला नावं सांगतात. गल्ला आमच्या ह्यांचा, पण गादीच्या उजव्या कोपऱ्यातली ती जागा माझी. ती जागा जाता जाता कशी राहिली, तेवढंच मला इथे लिहायचं आहे. माझ्यासारखा आजार ज्यांच्या घरात आहे त्यांनी वाचावं म्हणून लिहितेय.

आधी अक्षरं गेली

पाय नंतर बिघडले. आधी अक्षरं बिघडली. वेलांटी एकीकडे, काना दुसरीकडे. अभनपूरकडचा एक माणूस थाळी परत घेऊन आला आणि म्हणाला, हे माझ्या मामाचं नाव नाही. मी चष्मा बदलला. मग ह्यांनी मशीन बदलली. नवी मशीन अगदी हलकी, पेनासारखी. तिच्यावर अक्षरं आणखीच भटकायला लागली. हलक्या मशीननं हात जास्त का भटकतो, हा प्रश्न आमच्यापैकी कोणालाही पडला नाही. तो पडला असता तर माझे पुढचे बरेच हाल वाचले असते.

मग जिन्यावरून उतरताना भिंत धरावी लागू लागली. स्टुलावर चढून पातेल्यांची चळत काढायला गेले आणि सगळी चळत घेऊन खाली आले. बाजारभर आवाज गेला. बोलणंही जड झालं, शब्द तोंडातच लोळायचे. माझा मुलगा नितीन फोनवर म्हणाला, "मम्मी, आप सो के उठे हो क्या?" मी सकाळपासून जागीच होते.

लहान मेंदू

मोठ्या दवाखान्यात गेलो. पहिल्या खोलीत एक तरुण डॉक्टर. त्यानं मला फरशीच्या रेघेवरून पावलापुढे पाऊल टाकत चालायला सांगितलं. मी दोन्हीकडे झुलले. त्यानं पेन उचललं आणि विचारलं, "शराब लेती हैं?"

मी नाही म्हटलं, आणि माझ्या मागोमाग हे म्हणाले, "साहब, ये खांसी की दवाई भी सूंघ के छोड़ देती है." त्या दिवशी मला ह्यांचा फार आधार वाटला. पुढे भांडणं खूप झाली, म्हणून हे आधीच लिहून ठेवते.

मग एमआरआय झाला. त्या नळकांड्यात लोक घाबरतात म्हणे. आत ठोकाठोकीचा आवाज सुरू झाला आणि मला भंडाऱ्याची आमची गल्ली आठवली. दिवसभर पितळ ठोकणाऱ्यांच्या शेजारी वाढलेली मी, मला डुलकी लागली. बाहेरच्या मुलीनं हलवून उठवलं.

मोठ्या डॉक्टरांनी निदान सांगितलं. अटॅक्सिया. लहान मेंदू हळूहळू सुकत चालला आहे. हातापायांत जोर आहे, पण कुठे किती लावायचा याचा ताळमेळ राहत नाही. फार कमी लोकांना होतो. हे ऐकून शिकाऊ डॉक्टरांचा घोळका मला बघायला आला. मला पुन्हा रेघेवरून चालवलं. एकानं मोबाईल काढला. मी त्याला म्हटलं, "बेटा, फोटो लेना है तो हाथ में नारियल भी दे. सत्कार जैसा लगेगा." त्यानं मोबाईल खिशात घातला.

नितीनला हे होणार का, असं मी विचारलं. तपासण्या झाल्या, वंशातून आल्याची खूण सापडली नाही. का झालं हेही सापडलं नाही. डॉक्टर म्हणाले, "इसकी दवाई नहीं है. फिज़ियोथेरपी है. रोज़ करनी है, छोड़नी नहीं है."

बाहेर आल्यावर उसाच्या रसाच्या गाड्यापाशी मी रडले. मरणाची भीती नव्हती वाटत. भीती वाटत होती ती घरात एका कोपऱ्यात ठेवली जाण्याची. लोक येतील, हळू आवाजात कशी आहे विचारतील, आणि उत्तर दुसरंच कोणीतरी देईल. ह्यांनी रसाचा ग्लास माझ्या हातात दिला नाही, स्वतः माझ्या ओठांना लावला. त्या दिवशी ते बरं वाटलं.

प्लास्टिक

एकदा हातातला चहा मांडीवर सांडला आणि भाजलं. दुसऱ्या दिवशी नितीन माझ्यासाठी प्लास्टिकचा ग्लास घेऊन आला. मग प्लास्टिकची ताटली आली, मग हलकी मेलामाइनची वाटी. हात कमजोर झालाय, तर हलकं द्यावं, हे कोणालाही पटेल असंच होतं. मलाही पटलं. भांड्यांच्या तीन पिढ्यांच्या व्यापाऱ्याच्या घरात मी शेजारणीच्या बाळासारखी प्लास्टिकमध्ये जेवत होते.

आणि सांडणं वाढत होतं. ग्लास अर्धा भरू लागले, तर अर्ध्यातलंही सांडायचं. पाव भरू लागले. शेवटी नितीन म्हणायचा, "मम्मी, आप बैठो ना, मैं पिला देता हूँ." मुलगा गुणाचा आहे माझा. पण त्याच्या गुणांनी मी रोज थोडी थोडी खाली बसत होते. पाहुणे आले की हे मला डोळ्यांनी खुणावायचे आणि मी आतल्या खोलीत जायचे.

तरी मी दुकानात जाणं सोडलं नव्हतं. मशीन हातात धरत नव्हते, नुसती कोपऱ्यात बसायची. एका सकाळी भाव विचारायला आलेल्या बाईला मी काहीतरी सांगितलं, उठून थाळी दाखवायला गेले आणि तोल जाऊन तिच्यावर रेलले. ती नवऱ्याला म्हणाली, "सुबह सुबह ही?" हळू म्हणाली, पण आमच्या दुकानात भांडी आहेत, आवाज घुमतो.

संध्याकाळी हे घरी आले ते जेवणाआधीच बोलले. "सुनंदा, तू आता घरीच राहा."

"काहून?"

"लोक काहीबाही बोलून राहिले. आणि पडली-गिडली त काय करू मी? नावं टाकाची कंप्युटरची मशीन येते आता. नितीन पाहून आला."

"माह्या जागेवर ठेवाची?"

"दुकानात दुसरी जागा हाये कुठं?"

मी खूप बोलले. बोलताना शब्द आणखी अडखळतात, आणि रागात तर विचारूच नका. मध्येच हे म्हणाले, "पाहा, बोलाले बी त्रास होऊन राहिला तुले." बोलणं तोडायची ही चांगली युक्ती असते निरोगी माणसाकडे. या आजारात मला सगळ्यात जास्त संताप याच वाक्याचा आला.

शेवटी मी एक अट घातली. आमच्या दुकानाची सासऱ्यांपासूनची रीत आहे. गावाकडून गिऱ्हाईक आलं की भाव सांगायच्या आधी त्याच्यासमोर लोटाभर पाणी ठेवायचं. इकडे घरी आलेल्या पाहुण्यालाही तसंच करतात. मी म्हटलं, "ज्या दिवशी मी काठोकाठ भरलेला लोटा न सांडता गिऱ्हाइकाच्या समोर ठेवीन, त्या दिवशी माही जागा मले पाहिजे. तवरी मी येत नाही."

हे लगेच हो म्हणाले. इतक्या लगेच की मला कळलं, असा दिवस यायचाच नाही याची त्यांना खात्री आहे.

चौबे कॉलनीतली खोली

फिजिओथेरपीला मी चौबे कॉलनीत जायचे. खाली औषधाचं दुकान, वर एक लांबट खोली. कठड्यासारखे दोन समांतर दांडे, गाद्या, मोठे रबरी चेंडू, भिंतभर आरसा. फिजिओथेरपिस्ट हेमा, धमतरीकडची. वयानं नितीनएवढी असेल, पण आवाज शाळेतल्या बाईंचा.

पहिल्या दिवशी तिनं विचारलं, "आंटी, आपको क्या करना है?"

मी म्हटलं, ठीक व्हायचंय.

"वो तो सब बोलते हैं. काम बताओ. कौन-सा काम करना है?"

हा प्रश्न मला तोपर्यंत कोणी विचारला नव्हता. सगळे मला काय जमत नाही तेच विचारायचे. मी लोट्याचं सांगितलं. ती हसली नाही. "हव," तिच्या बोलीत हो म्हणाली, "भरा हुआ लोटा." आणि कामाला लागली.

तिनं सगळ्यात आधी काय शिकवलं असेल तर पडायला. गादीवर पडायचं, डोकं वाचवायचं, कुशीवर वळायचं, गुडघ्यावर यायचं, खुर्ची धरायची आणि आपलं आपण उठायचं. पुन्हा पडायचं. हे एकदा बघायला आले आणि ती मला ढकलतेय हे पाहून बाहेर जाऊन उभे राहिले. पण माझी अर्धी भीती त्या गादीवर गेली. पडणार तर आहेच, उठता येतं हे माहीत असलं की रस्ता मोठा वाटत नाही.

तिथे रामटेके काका यायचे. रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांचा आजार माझ्याहून वेगळा, चालता चालता पाय जमिनीला चिकटायचे आणि सुटायचेच नाहीत. हेमानं फरशीवर रंगीत पट्ट्या चिकटवल्या होत्या. पट्टी दिसली की काका ती ओलांडायला पाय उचलायचे आणि झरझर चालत जायचे. पट्ट्या संपल्या की पुन्हा उभे. "मले फक्त पट्ट्या टाकून द्या," ते म्हणायचे, "दुर्गलेबी पायी जातो." घरी सुनेनं त्यांच्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंत पट्ट्या चिकटवल्या. जावई आला तेव्हा त्याला वाटलं लहान मुलांचा खेळ आहे. काकांनी त्याला पट्ट्यांवरून चालून दाखवलं आणि चहा मागितला.

माझी प्रगती मात्र पायांतच होत होती. पाय थोडे फाकवून उभं राहायला जमलं, वळताना थांबून वळायला जमलं, काठी घेऊन जिना जमला. हात होता तिथेच होता. प्लास्टिकचा ग्लास हातात घेतला की तो माशीमागे लागल्यासारखा हिंडायचा.

एक दिवस हेमानं कपाटातून दोन पट्टे काढले. आत वजन भरलेलं. माझ्या मनगटांना बांधले. मी म्हटलं, "बाई, माझ्याच्यानं रिकामा ग्लास धरवत नाही आणि तू वजन बांधतेस?"

"आंटी, आपके हाथ में ताकत की कमी नहीं है. ब्रेक की कमी है. उठाओ."

मी पाण्याचा ग्लास उचलला. हात हलला, पण हिंडला नाही. जड बैलगाडीसारखा आपल्या वाटेनं तोंडापर्यंत आला. मी पाणी प्यायले. सगळंच्या सगळं.

मला आनंद व्हायला हवा होता, झालाही, पण त्याआधी राग आला. वजनानं हात धीराचा होतो, तर इतके महिने हलकं हलकं देऊन माझा हात कोणी भरकटवला? आम्हीच. ज्यांना भांड्याचं वजन हातात घेताच कळतं, त्या आम्ही लोकांनी. हलकी मशीन, हलका ग्लास, हलकी ताटली.

घरी येऊन मी प्लास्टिकचं सगळं सामान ओट्यावर काढलं आणि नितीनला म्हटलं, "हे सारं कोणालेबी देऊन टाक. आन् माळ्यावरून माहा भंडाऱ्याचा लोटा काढ."

"मम्मी, वो तो बहुत भारी है."

"म्हणूनच पाहिजे."

माझ्या लग्नात वडिलांनी दिलेला पितळी लोटा, जाड काठाचा. चिंच लावून घासला. पाणी भरलं, दोन्ही हातांत धरला. हात कापत होता, पण लोटा आपला भार सोडत नव्हता. नितीन दारात उभा होता. मग तो मराठीत बोलला, जे तो सहसा बोलत नाही. म्हणाला, "आई, आम्हाले माहीतच नव्हतं."

"मले तरी कुठं माहीत होतं," मी म्हटलं.

इथे एक सांगायलाच हवं. वजनाची ही युक्ती सगळ्यांना चालत नाही. कोणाला तिनं थकवा येतो, कोणाचा खांदा धरतो. माझाही काही दिवस धरला. तुमच्या फिजिओथेरपिस्टला विचारल्याशिवाय माझं ऐकून मनगटाला काही बांधू नका. आणि वाईट दिवस येतात. ताप आला, झोप झाली नाही, की महिन्याभराची कमाई एका सकाळी जाते. असा दिवस आला की मी हेमाला फोन करून भांडायचे. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "हव आंटी. कल आ जाना." दुसऱ्या दिवशी मी जायचे. हेही लिहिते, की रोज सकाळी माझ्या मनगटांना ते पट्टे आमचे हेच बांधायचे. फार घट्ट तर नाही झाले, हे बोट आत घालून बघायचे.

गोल बाजार

लग्नसराई सुरू झाली होती. एक दिवस मी ह्यांना म्हटलं, आज येते. त्यांनी माझ्या पिशवीतला लोटा बघितला आणि चपला घातल्या.

बुढापाऱ्याहून गोल बाजार जवळ आहे, पण गल्ल्या अरुंद आणि स्कूटरवाल्यांना ब्रेक माहीत नाही. काठी घेऊन मी चालत होते, हे माझ्या मागे. मला धरायला हात पुढे करत नव्हते, मी तसं बजावलंच होतं. पानठेल्यावरचा एक जण हसत म्हणाला, "भाभी, संभल के. ज़्यादा हो गई क्या?"

मी थांबले. थांबून बोललं की मला नीट बोलता येतं. "ज़्यादा नहीं, भैया, कम हुआ है. दिमाग का एक टुकड़ा कम हुआ है. तुम्हारा पूरा है ना?" त्यानं पानाकडे तोंड फिरवलं. मागून ह्यांच्या खोकल्याचा आवाज आला. ते हसू आलं की खोकतात.

दुकानात माझ्या कोपऱ्यात ती कंप्युटरची नवी मशीन होती, वर प्लास्टिकचं कव्हर. समोर बाकड्यावर एक म्हातारी बसली होती, कुठल्याशा गावाहून आलेली, नातीच्या लग्नाचं टिकावन घ्यायला. पायांवर धूळ. मी मागे गेले, माठातून लोटा काठोकाठ भरला. मनगटांना पट्टे होते. कोपरं अंगाशी धरली, पाय फाकवले, नजर पाण्यावर न ठेवता समोर म्हातारीवर ठेवली, हेमानं शिकवलं होतं तशी. निघाले.

हे गल्ल्यापाशी उभे होते. नितीनच्या हातात थाळी होती, ती त्यानं छातीशी धरली होती. मी म्हातारीच्या जवळ पोचले. वाकायचं तेवढं उरलं होतं, सगळ्यात अवघड तेच. मी वाकले आणि शेजारच्या दुकानात कोणीतरी परातींची चळत खाली टाकली. माझं अख्खं अंग दचकलं. अर्धा लोटा म्हातारीच्या एका पायावर गेला.

डोळ्यांत पाणी आलं ते लपवायला एकही हात मोकळा नव्हता. इतके महिने, इतक्या गाद्यांवर पडून उठून, आणि शेवटी सांडलंच.

म्हातारीनं खाली बघितलं. मग लुगडं जरासं वर घेतलं आणि दुसरा पाय पुढे केला.

"बने होइस, नोनी," ती म्हणाली. "येहू गोड़ म डार दे."

बरं झालं, पोरी. या पायावरही घाल. पन्नाशीच्या बाईला कोणीतरी पोरी म्हणालं होतं. पाहुणीच्या पायांवर पाणी घालतातच इकडे. तिला त्यात चुकल्यासारखं काही दिसलंच नव्हतं. मी उरलेलं पाणी तिच्या दुसऱ्या पायावर घातलं. हात कापत होता, पाणी वाकडंतिकडं पडत होतं, तिचा पाय स्वच्छ झाला. रिकामा लोटा मी तिच्यासमोर ठेवला आणि नितीनला दुसरा भरून आणायला सांगितलं.

हे हळूच म्हणाले, "सुनंदा, पाणी..."

"सांडलं. मले दिसते. अट मी घातली होती, मीच मोडली. आता सरका."

मग त्यांनी ती नवी मशीन कव्हरासकट उचलली, मागच्या फळीवर नेऊन ठेवली, आणि माझी जुनी, वजनदार मशीन गल्ल्याखालून काढली. ती त्यांनी विकली नव्हती. तिची वायर पुसून त्यांनी प्लग लावला.

मी गादीवर बसले. हात हलू नये म्हणून कोपराखाली हेमानं दिलेली वाळूची पिशवी घेतली, पट्टा आवळला. म्हातारीनं तिची थाळी माझ्या मांडीवर ठेवली. घरी मी कागदावर गिरवून पाहिलं होतं. माझी अक्षरं आता मोठी येतात, थोडी वाकडी येतात आणि वेळ लागतो, हे मी तिला आधीच सांगितलं. ती म्हणाली, तिला वाचता येत नाही, आणि बस संध्याकाळची आहे.

मी मशीन सुरू केली आणि इकडे आईला म्हणतात तशी हाक मारून विचारलं, "का नाव लिखंव, दाई?"